एका जुन्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती कशा शोधायच्या (आणि एकच प्रत तीनदा मोजायची नसेल तर काय करायचं)

मी दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात काम करते आणि गेली काही वर्षं एकाच पुस्तकाच्या मागे लागलेय. सोळाव्या शतकात छापलेलं, लॅटिनमधलं, औषधी झाडपाल्याचं पुस्तक. नाव मुद्दाम सांगत नाही, काम अजून चालू आहे आणि या बाजारात नुसती कुजबुज झाली तरी भाव चढतात. काम काय, तर या पुस्तकाच्या छापील प्रती आज जगात कुठेकुठे उरल्यात, कुणाकुणाच्या हातातून फिरल्या आणि आता कशा अवस्थेत आहेत ते शोधून नोंदवायचं. आमच्याकडे याला सेन्सस म्हणतात. खानेसुमारीच ती, माणसांऐवजी पुस्तकांची. बरेच जण विचारतात की आम्हालाही एखादं पुस्तक घेऊन असं करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

पहिलं म्हणजे, लोकांना वाटतं की प्रती सापडणं अवघड. तसं काही नाही हो, प्रती सापडतात, नको तितक्या सापडतात! डोकं खातं ते वेगळंच, ही प्रत आणि ती प्रत खरंच दोन आहेत की एकाच प्रतीच्या दोन नोंदी आहेत हे ठरवणं. माझ्या यादीत एके काळी तीन ओळी होत्या, एका मठाच्या जुन्या छापील कॅटलॉगमधली, एका लिलावातली आणि एका विद्यापीठाच्या लायब्ररीतली. तिन्ही निघाल्या एकच प्रत. कसं कळलं ते पुढे येईलच.

आधी कुणी मोजलंय का बघा

कोरी पाटी घेऊन बसू नका. नावाजलेल्या पुस्तकांची मोजणी बहुतेक वेळा कुणीतरी करून ठेवलेली असते. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याच्या पुस्तकांची मोजणी सेमूर द रिची यानं १९०९ मध्येच छापली होती. शेक्सपियरच्या १६२३ च्या फर्स्ट फोलिओची (म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित ग्रंथाची) पहिली मोठी यादी सिडनी ली यानं १९०२ मध्ये केली, नंतर २०१२ मध्ये रासमुसेन आणि वेस्ट यांनी २३२ प्रतींचं एकेक करून वर्णन छापलं, आणि आता आकडा २३५ च्या आसपास सांगतात, त्यातल्या ८२ एकट्या वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत. वेसालियसच्या शरीररचनेच्या पुस्तकाची, म्हणजे १५४३ आणि १५५५ अशा दोन्ही आवृत्त्यांची मोजणी २०१८ मध्ये आली, ७०० च्या वर प्रती.

जुनी यादी चुकीची असली तरी सोनं असते बरं का. आजचा आकडा तिच्यातून मिळत नाही, पण त्या वर्षी कोणती प्रत कुठे होती हे तिथे गोठून राहिलेलं असतं आणि मागचा माग काढायला तेच लागतं. न्यूटनच्या १६८७ च्या प्रिन्सिपियाचं उदाहरण घ्या. १९५३ च्या मोजणीत १८९ प्रती होत्या आणि सगळे तोच आकडा सांगत बसले, मग २०२० मध्ये फाइनगोल्ड आणि स्वोरेंचिक या दोघांनी जवळपास २०० प्रतींची भर घातली, एकूण ३८६. आधीच्या माणसानं कामचुकारपणा केला होता अशातला भाग नाही, त्या काळात पूर्व युरोपातल्या लायब्रऱ्यांपर्यंत पोचणंच मुश्किल होतं. म्हणून जुनी यादी हातात आली की त्यात कोण आहे हे बघण्याआधी कोणते देश गायब आहेत ते बघा.

आणि नुसता आकडा काढायचा म्हणून हे काम सुरू करू नका, कंटाळाल. एखादा प्रश्न हाताशी ठेवा. ओवेन गिंगरिच या खगोल-इतिहासकारानं कोपर्निकसच्या १५४३ च्या पुस्तकाचा पाठलाग सुरू केला तो एका खोचक वाक्यामुळे. आर्थर कोस्लर यानं लिहून ठेवलं होतं की ते पुस्तक कुणी वाचलंच नाही. १९७० मध्ये गिंगरिचला एडिनबरामध्ये एक प्रत दिसली, समासभर बारीक अक्षरात टिपणं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि ती निघाली एरास्मुस राइनहोल्ड या त्या काळच्या मोठ्या गणितज्ञाची. झालं, तिथून पुढे तीसेक वर्षं हा माणूस पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे ६०० प्रती बघत जगभर हिंडला आणि २००२ मध्ये यादी छापली. त्यातून काय काय बाहेर आलं बघा, चर्चनं १६२० मध्ये हुकूम काढला होता की अमुक वाक्यं खोडा, तर इटलीतल्या साधारण दोन तृतीयांश प्रतींमध्ये खरोखर खोडलंय, आणि बाकीच्या देशांत त्या हुकमाला फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही. हे एक प्रत बघून कधी कळलं असतं?

नक्की कोणतं पुस्तक मोजताय?

वेडगळ प्रश्न वाटेल, पण पहिले कित्येक आठवडे माझे इथेच गेले. जुन्या छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, मोजकेच असायचे, एक फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) छापून झाला की खिळे सोडवून पुढच्याला वापरायचे, त्यामुळे पुस्तक परत काढायचं तर सगळी जुळणी पुन्हा नव्यानं. दुसऱ्या वेळी तोच मुद्रक, तेच टायटल पेज, कधी कधी सालही तेच, आणि आतलं पुस्तक मात्र वेगळ्या जुळणीचं. कॅटलॉगमध्ये दोन्ही एकसारखी दिसतात.

यावर सोपी युक्ती आहे. जुन्या पुस्तकात काही पानांच्या तळाशी बांधणाऱ्यासाठी फर्म्याची खूण छापलेली असते, ए, ए२, ए३, बी, बी२ अशी. ती खूण वरच्या ओळीतल्या नेमक्या कोणत्या अक्षरांखाली येते ते बघा. एकाच छपाईतल्या दोन प्रती असतील तर ती तंतोतंत तिथेच येणार, जुळणी नव्यानं झाली असेल तर एखाद-दोन अक्षरं तरी इकडेतिकडे सरकणारच, कारण जुळारी ओळ जशीच्या तशी जुळवेलही पण खालची खूण कोण मापून लावतोय. पाच-सहा ठिकाणी तपासा, मोबाईलवरच्या फोटोवरूनही जमतं. नेदरलँड्समधल्या जुन्या पुस्तकांच्या राष्ट्रीय कॅटलॉगमध्ये तर याचंच सूत्र करून प्रत्येक नोंदीला लावलंय.

एक सावधगिरी, छपाई चालू असताना चूक दिसली की यंत्र थांबवून दुरुस्ती करायचे पण आधी छापलेले कागद फेकायचे नाहीत, कागद महाग. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींमध्येही बारीकसारीक फरक असतो. चार्लटन हिनमन यानं फोल्जरमध्ये फर्स्ट फोलिओच्या पन्नासच्या वर प्रती अशा ओळीनओळ ताडून बघितल्या, त्यासाठी त्यानं एक यंत्रच बनवलं, दोन प्रतींची पानं आरशातून एकावर एक आळीपाळीनं दिसायची, फरक असेल तिथे अक्षर लुकलुकायचं. तेव्हा एखादा शब्द वेगळा दिसला म्हणून लगेच नवी आवृत्ती सापडली असं ओरडू नका (मी एकदा ओरडलेय, वरिष्ठांसमोर).

शोधाशोध

पुस्तक १५०१ च्या आधीचं असेल तर आयएसटीसी नावाचा डेटाबेस पहिला उघडा, पंधराव्या शतकातल्या सुमारे ३०,००० आवृत्त्या आणि त्या कुठेकुठे आहेत ते त्यात आहे. त्यानंतरच्या काळासाठी देशावर जातं, जर्मन भाषिक प्रदेशांसाठी व्हीडी १६, १७, १८ अशा शतकवार याद्या, इटलीच्या सोळाव्या शतकासाठी एडिट १६, इंग्रजी पुस्तकांसाठी १८०० पर्यंत ईएसटीसी, आणि सगळा युरोप एकत्र बघायचा तर सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं यूएसटीसी. त्याशिवाय कार्ल्सरूहेचा एकत्रित कॅटलॉग, एका खिडकीतून अनेक देशांचे कॅटलॉग शोधता येतात. वर्ल्डकॅट, म्हणजे जगभरातल्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग, शेवटी उघडा. का ते सांगते.

वर्ल्डकॅटमध्ये तुमच्या पुस्तकाच्या नोंदीखाली शंभर लायब्रऱ्या दिसतील आणि तुम्ही हरखून जाल. त्यातल्या कितीतरी जणांकडे छापील प्रत नसतेच. कुणाकडे मायक्रोफिल्म, कुणाकडे अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइनसारख्या डेटाबेसची वर्गणी, कुणाकडे विसाव्या शतकातली हुबेहूब नक्कल, आणि सगळे एकाच नोंदीला चिकटलेले. प्रत्येक लायब्ररीच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये जाऊन शेल्फमार्क, म्हणजे ती प्रत कुठल्या फळीवर आहे त्याचा क्रमांक, आहे का बघा. शेल्फमार्क नसेल तर ती प्रत अजून तुमच्या यादीत आलेली नाही असंच समजा.

जे दिसेल ते त्याच दिवशी सेव्ह करा, तारखेसकट. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा ईएसटीसी बंद पडला आणि कितीतरी लोकांचं काम जागच्या जागी थांबलं. माझ्याकडे पीडीएफ होत्या म्हणून निभावलं.

शोधताना स्पेलिंगचा फार घोळ. जुन्या लॅटिन छपाईत यू आणि व्ही, आय आणि जे यांची अदलाबदल चालायची, तेव्हा दोन्ही तऱ्हेनं टाइप करून बघा. लेखकाचं नाव लॅटिन झालेलं असतं, योहानेस म्युलरचा रेगिओमोन्टानुस होतो. गावांची नावं तर विचारू नका. लुगडुनुम म्हणजे फ्रान्समधलं लिओं आणि लुगडुनुम बाटावोरुम म्हणजे हॉलंडमधलं लायडन, आणि कॅटलॉग करणारा कुणी दमलेला असला की दुसरा शब्द गळतो आणि पुस्तक सातशेक किलोमीटर सरकतं. सालही रोमन आकड्यात असतं, त्यातलं एक अक्षर वाचायचं राहिलं तर दहा किंवा पन्नास वर्षांचा फरक.

सगळ्यात मोठं घबाड म्हणजे एकत्र बांधलेली पुस्तकं. पूर्वी पुस्तक बिनबांधणीचं विकत मिळायचं आणि घेणारा आपल्या सोयीनं तीन-चार वेगळी पुस्तकं एका पुठ्ठ्यात बांधून घ्यायचा. कॅटलॉगमध्ये पहिल्याचीच नोंद होते, मागची आपली अंधारात. माझ्या दोन प्रती अशाच मिळाल्या, त्याच मुद्रकाच्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या पोटात. तेव्हा तुमच्या पुस्तकाबरोबर विषयानं किंवा आकारानं जुळणारी त्या काळची पुस्तकं कोणती त्याची एक छोटी यादी करा आणि त्यांचेही शेल्फमार्क चाळा.

टायटल पेज गेलेली प्रत हा दुसरा खजिना. फ्रान्समधल्या सेंट-ओमेर गावच्या लायब्ररीत एक शेक्सपियर होता, सुरुवातीची पानं नाहीत म्हणून अठराव्या शतकातला समजून ठेवलेला. २०१४ मध्ये तिथल्या ग्रंथपालानं एका प्रदर्शनासाठी तो बाहेर काढला, शंका आली, तपासलं, तर फर्स्ट फोलिओ! असं तुमच्याही पुस्तकाचं असू शकतं, म्हणून लेखकाच्या नावावर नेहमीचं साल सोडून 'साल नाही', 'अपूर्ण' अशा नोंदीही उघडून बघाच.

ग्रंथपालांना ईमेल कसा लिहायचा

छोटा. सुरुवातीला मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म पाठवायचे, उत्तर कुणी द्यायचं नाही, आणि आता माझ्याच इनबॉक्समध्ये असे फॉर्म येतात तेव्हा कळतं का ते. पहिल्या ईमेलमध्ये शेल्फमार्क तुम्हीच लिहा म्हणजे समोरच्याला फक्त जाऊन काढायचंय. मग पाचच गोष्टी विचारा, प्रत जागेवर आहे का, पहिलं आणि शेवटचं पान आहे का, पानाची उंची मिलिमीटरमध्ये किती, पुठ्ठ्याच्या आत किंवा टायटल पेजवर कुणाचं नाव, शिक्का, चिठ्ठी आहे का, आणि मोबाईलवर टायटल पेजचा एक फोटो मिळेल का. वरच्या दोन ओळी त्यांच्या भाषेत लिहा, मशीन ट्रान्सलेशन चालतं. महिनाभर वाट बघून एकदाच आठवण करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपात कुणी उत्तर देत नाही, वाईट वाटून घेऊ नका.

उंचीबद्दल एक गोष्ट ठासून सांगा, पानाची उंची, पुठ्ठ्याची नाही. का, ते लगेच सांगते.

प्रतीची ओळख कशी पटवायची

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दोन नोंदी एकाच प्रतीच्या आहेत की नाहीत हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारते, काळाबरोबर यात काय बदलू शकतं आणि काय बदलू शकत नाही? बांधणी बदलते, सर्रास बदलते, तिच्यावर विसंबू नका. पुठ्ठ्याच्या आतली मालकाची चिठ्ठी बांधणीबरोबर जाते. नाव खोडलं जातं, शिक्का धुतला जातो, गेलेलं पान दुसरीकडून आणून बसवलं जातं. पण पानाची उंची फक्त कमीच होऊ शकते, दर वेळी नव्यानं बांधताना बाइंडर कडा कापतो, त्यामुळे जुनी नोंद ३०५ मिमी सांगते आणि आजची २९८, तर एकच असू शकते, उलटं असेल तर दोन वेगळ्या प्रती आहेत (किंवा कुणीतरी पुठ्ठा मोजलाय, बहुतेक वेळा हेच). कसरीनं पाडलेली भोकंही वाढतात, बुजवली तरी जागा दिसते. समासातली टिपणं कापली गेली तरी अर्धी अक्षरं उरतात. छपाईच्या वेळचे दोष, म्हणजे कागदाची घडी पडून अक्षर तुटलेलं, शाईचा ठिपका, हे तर त्या पानाचे जन्मखुणाच, पान आहे तोवर राहणार.

आता त्या तीन ओळींची गोष्ट. मठाचा कॅटलॉग एकोणिसाव्या शतकातला, त्यात लिहिलं होतं 'शेवटचं पान नाही'. लिलावाचा कॅटलॉग दोन महायुद्धांच्या मधला, 'संपूर्ण प्रत, लाल चामडी बांधणी'. विद्यापीठातली आजची प्रत, संपूर्ण, लाल चामडं. दुसरी आणि तिसरी एकच हे पटकन कळलं, बाइंडरचा बारीक शिक्का दोन्हीकडे होता. पण मठातली अपूर्ण आणि ही पूर्ण, म्हणून मी ती वेगळी धरली आणि दोन वर्षं तशीच ठेवली. मग विद्यापीठात स्वतः जायचा योग आला. पुस्तक उशीवर ठेवून मागून उलगडत होते. शेवटून दुसऱ्या पानापासून आत कसरीचं एक भोक सरळ अकरा पानांतून गेलेलं, खालच्या समासात, मोहरीएवढं. आणि शेवटच्या पानावर? काही नाही. कसर काय हवेतून दुसऱ्या पानावर उतरली? पान उजेडासमोर धरलं तर साखळीरेषा बाकीच्या पानांपेक्षा जरा जास्त अंतरावर, वरच्या कडेला पातळ कागदाची पट्टी लावून उंची भरून काढलेली. शेवटचं पान पाहुणं होतं. मग टायटल पेज अतिनील दिव्याखाली ठेवायची विनंती केली, जुन्या लोहशाईनं लिहिलेलं धुतलं तरी त्या उजेडात काळसर उठून दिसतं, आणि कोपऱ्यात मठाच्या नावातली पाच अक्षरं दिसली. संपलं. यादीतल्या तीन ओळी एक झाल्या.

(साखळीरेषा म्हणजे हातकागद उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या लांब अंतराच्या रेषा. फोलिओत (कागद एकदा दुमडलेला) त्या उभ्या दिसतात, क्वार्टोत (दोनदा) आडव्या, ऑक्टाव्होत (तीनदा) परत उभ्या, आणि जलचिन्ह फोलिओत पानाच्या मधोमध, क्वार्टोत शिवणीच्या घडीत, ऑक्टाव्होत घडीच्या वरच्या टोकाला. एखादं पान बाकीच्यांशी जुळत नसेल तर तिथे थांबा.)

जोडलेली, सजवलेली आणि चक्क खोटी

अपूर्ण प्रत पूर्ण करून विकणं हा जुना धंदा आहे आणि पूर्वी त्यात कुणाला गैरही वाटायचं नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन हॅरिस नावाचा कारागीर गेलेल्या पानांची हातानं अशी नक्कल करायचा की ब्रिटिश म्युझियममध्ये त्याला सांगावं लागलं, बाबा रे, प्रत्येक पानावर सही करत जा, आम्हालाच ओळखू येत नाही. तेव्हा 'संपूर्ण' या शब्दावर कधीही विश्वास ठेवू नका, कोणकोणती पानं मूळची ते विचारा.

उलटंही होतं, पुस्तक फोडून पानं विकतात. १९२१ मध्ये गॅब्रिएल वेल्स या न्यूयॉर्कच्या विक्रेत्यानं गुटेनबर्ग बायबलची एक अपूर्ण प्रत सोडवून पानं सुटी विकली. सुट्या पानांची वेगळी यादी ठेवा, प्रतींच्या आकड्यात मिसळू नका.

आणि खोटं म्हणाल तर गॅलिलिओच्या १६१० च्या पुस्तिकेची एक प्रत, लेखकाच्या हातच्या चंद्राच्या चित्रांसकट, मोठमोठ्या तज्ज्ञांनी खरी म्हणून तपासून तिच्यावर जाडजूड ग्रंथ काढले. २०१२ मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकारानं ती बनावट असल्याचं दाखवून दिलं. सुरुवात कशानं, तर त्यावरचा जुन्या लायब्ररीचा शिक्का त्याच लायब्ररीच्या इतर पुस्तकांवरच्या शिक्क्याशी जुळेना. म्हणून मी शिक्क्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, एकाच मालकाची चार पुस्तकं शेजारी ठेवली की खोटं डोळ्यात भरतं.

चोरीच्या बाबतीत तर तुमची यादी थेट पोलिसांच्या कामाची ठरू शकते. डरहम विद्यापीठातून १९९८ मध्ये चोरीला गेलेला फर्स्ट फोलिओ दहा वर्षांनी एक माणूस फोल्जरमध्येच तपासायला घेऊन आला, पुठ्ठे काढलेले, पुढची पानं गायब, तरी जुन्या वर्णनांवरून ओळखला गेला. तेव्हा तुमच्या वर्णनात पुस्तकाच्या मध्यावरच्या दोन-तीन खुणाही नोंदवा, चोर पहिली आणि शेवटची पानं फाडतो, मधल्या डागांकडे कोण बघतंय.

नसलेल्या प्रतीही नोंदवा

१८७० मध्ये स्ट्रासबर्गची लायब्ररी तोफांच्या माऱ्यात जळाली, लूव्हाँची १९१४ मध्ये आणि परत १९४० मध्ये. तिथल्या जुन्या कॅटलॉगमध्ये तुमचं पुस्तक असेल तर 'नष्ट' म्हणून ओळ ठेवा. हरवलं म्हणून वाटलेलं नेहमी नष्टच झालेलं असतं असंही नाही, लाइपझिगच्या दोन गुटेनबर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोत निघाल्या.

किती उरल्या यावरून किती छापल्या असा हिशेब करू नका. गुटेनबर्ग बायबल सुमारे १८० छापलं आणि अपुऱ्या प्रती धरून ४९ उरल्या. १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये छापलेलं भजनांचं पुस्तक त्याच्या कितीतरी पट छापलं होतं आणि उरल्या अकरा, कारण ते रोज हातात असायचं आणि वापरून वापरून चिंध्या झालं. आपल्या ओळखीचं म्हणाल तर फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला रोमन लिपीत छापलं, १६४९ आणि १६५४ ला परत छापलं, आणि त्या तीनही छपायांची एकही प्रत आज माहीत नाही, मजकूर टिकला तो हस्तलिखितांमुळे. मोठं, जड, महागडं पुस्तक फळीवर सुखानं जगतं, पोरांची बाराखडी आणि पंचांगं मरतात.

तक्ता

साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक प्रतीला एक नंबर, आणि तो नंबर कायमचा. दोन ओळी एक झाल्या तर मोठा नंबर रिकामा ठेवा, समोर लिहा 'पाहा अमुक', पण परत वापरू नका, नाहीतर जुन्या ईमेलमधले सगळे संदर्भ कोसळतात. एक रकाना पक्केपणाचा, स्वतः पाहिली, पूर्ण स्कॅन पाहिलं, ग्रंथपालानं सांगितलं, नुसती कॅटलॉगमध्ये, आणि भूत (नोंद आहे पण प्रत नाहीच). तारीख प्रत्येकाला. मालकांची साखळी वेगळ्या शीटमध्ये, दर मालकामागे कशावरून म्हणताय ते, शिक्का की सही की लिलावाचा कॅटलॉग, आणि मधे रिकामी वर्षं असतील तर रिकामीच ठेवा, अंदाजानं भरायचा मोह फार होतो. खासगी मालकांचं नाव-गाव जाहीर यादीत घालायचं नाही, 'खासगी मालकी' एवढंच, त्यांनी विश्वासानं दार उघडलेलं असतं.

थांबायचं कधी, तर नवीन शोधात सलग बरेच महिने फक्त ओळखीच्याच प्रती यायला लागल्या की एक तारीख ठरवा आणि 'या तारखेपर्यंत' असं लिहून जाहीर करा. खरी गंमत त्यानंतर सुरू होते, जाहीर झालं की ज्यांनी दोन ईमेलना उत्तर दिलं नव्हतं तेच लोक आपली प्रत का नाही म्हणून लिहितात.

माझी तारीख मी दोनदा पुढे ढकललीय, त्या पाहुण्या पानामुळे. ते कुठूनतरी काढून आणलेलं आहे, म्हणजे कुठेतरी एक प्रत शेवटच्या पानाशिवाय बसलीय किंवा कधीतरी बसली होती. पानाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा ओलीचा डाग आहे, अर्ध्या बोराएवढा, आणि ओल एका पानावर थांबत नाही. ज्या प्रतीत आता शेवटी असलेल्या पानावर त्याच कोपऱ्यात तोच डाग असेल ती माझी हवी असलेली प्रत. आत्तापर्यंत नऊ अपूर्ण प्रतींचे त्या कोपऱ्याचे फोटो मागवले, आठ आलेत, आठही स्वच्छ.